मागची फ्रेम कापली, एअर बॉक्स काढला, आता गाडी अडखळते

प्रश्न : साधारण चाळीस वर्षं जुनी, एका सिलिंडरची, ३५० सीसीची, हवेवर थंड होणारी फोर-स्ट्रोक मोटरसायकल मी घरीच कॅफे रेसर, म्हणजे खाली हँडल आणि आखूड सीट असलेली रेसिंग ढंगाची गाडी, करायला घेतली. एअर बॉक्स (हवेच्या फिल्टरचा मूळ डबा) काढून कार्ब्युरेटरला थेट कोन फिल्टर लावला, आखूड सायलेन्सर बसवला आणि पेट्रोल कमी पडू नये म्हणून कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक असलेला स्क्रू) १.२ मिमीच्या ड्रिलने मोठा केला. मूळ जेटवर ११० आकडा होता. मागची फ्रेम शॉकअपच्या वरच्या बोल्टमागून कापली, २० मिमीच्या पाइपचा अर्धगोल वेल्ड केला आणि त्यावर सपाट सीट टाकली. हँडल काढून क्लिप-ऑन, म्हणजे फोर्कच्या नळ्यांना थेट आवळायचे आखूड हँडल, लावले. बॅटरी लहान लिथियमची घेतली, इंडिकेटर एलईडी केले. गाडी एका किकमध्ये सुरू होते. पण अर्ध्या रेसवर अडखळते, रेस सोडली की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो आणि प्लग पांढरा दिसतो. खड्ड्यात मागचा टायर सीटखाली घासतो. गाडी उभी असताना टायर आणि सीटमध्ये ४५ मिमी जागा आहे, तरी का घासतो? हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की रेस आपोआप चढते. एका बाजूचा इंडिकेटर दिला की चारही दिवे लुकलुकतात. बॅटरी हाताला गरम लागते. इंजिनच्या जोडांतून तेल पाझरायला लागलंय, तेही पूर्वी नव्हतं. ब्रीदरची, म्हणजे इंजिनच्या केसमधली हवा बाहेर सोडणारी नळी एअर बॉक्सला जात होती, ती बोल्ट घालून बंद केली आहे. नेमकं कुठून सुरू करू? शॉकअपच्या स्प्रिंग कापून गाडी आणखी खाली घेण्याचाही विचार आहे.

उत्तर : सगळ्यात आधी एक विनंती. टायरचं, हँडलचं आणि बॅटरीचं काम होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. इंजिन अडखळण्याने चिडचिड होते. टायर सीटला घासला किंवा वळणावर रेस आपोआप चढली, तर माणूस पडतो. गरम होणारी लिथियम बॅटरी आजच काढून ठेवा, तिच्याकडे शेवटी येऊ. आणि स्प्रिंग कापायचा विचार सोडून द्या. कारण पुढे कळेलच.

रेस चढण्याचं कारण बहुधा केबल आहे, आणि ते अर्ध्या तासात सुटतं. मूळ उंच हँडलसाठी बनवलेली केबल खाली आलेल्या क्लिप-ऑनला लांब पडते. जास्तीची लांबी टाकीखाली कुठेतरी वळसा घालून बसते आणि हँडल वळलं की तो वळसा फ्रेमच्या गळ्याशी अडकतो. बाहेरचं कव्हर आवळलं जातं, आतली तार ताणली जाते, कार्ब्युरेटरमधली स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारा सरकता भाग, वर उचलली जाते. टाकी उतरवा, केबल मोकळी करा आणि मोठ्या, सैल वळणाने पुन्हा न्या. तरीही जास्त वाटली तर त्या लांबीची नवी केबल करून घ्या. हँडल डावीकडे, मधे आणि उजवीकडे अशा तिन्ही ठिकाणी ग्रिपच्या कडेवर २ ते ३ मिमी मोकळी चाल राहिली पाहिजे. मग इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आवाजात जराही फरक पडता कामा नये. क्लचची केबल, पुढच्या ब्रेकची केबल किंवा नळी आणि गळ्यातून जाणारा वायरिंगचा जुडगा हेही याच वेळी तपासा.

क्लिप-ऑनचं आणखी एक दुखणं असतं. पूर्ण वळवल्यावर लिव्हर आणि टाकी यांच्यामध्ये हातमोजा घातलेली बोटं सहज मावली पाहिजेत, म्हणजे किमान ३० मिमी. मावत नसतील तर क्लिप-ऑनचा कोन बदला किंवा फ्रेमवरच्या स्टॉपवर धातूचा तुकडा चढवून हँडलचं वळणं थोडं कमी करा. स्टॉप घासून वळण वाढवायला जाऊ नका. क्लिप-ऑनला जागा करण्यासाठी फोर्कच्या नळ्या टीमधून, म्हणजे त्यांना धरणाऱ्या वरच्या-खालच्या पकडींमधून, वर सरकवल्या असतील, तर सरकवल्या तितकी गाडी पुढून खाली आली आहे. फोर्क पूर्ण दबल्यावर पुढचं मडगार्ड खालच्या टीला किंवा बेंड पाइपला (इंजिनच्या हेडपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपला) लागतं का, ते स्प्रिंग काढून हाताने दाबून बघा.

आता टायर. तुम्ही मोजलेले ४५ मिमी चुकीच्या स्थितीतले आहेत. गाडी रिकामी उभी असते तेव्हा शॉकअप जवळजवळ पूर्ण उघडलेला असतो, फार तर १० ते १५ मिमी दबलेला. तुमच्या शॉकअपची चाल ८० मिमी धरली, तर अजून ६५ ते ७० मिमी दबायचे बाकी आहेत. शिवाय शॉकअप चाकाच्या अक्षाच्या थोडा पुढे आणि तिरका असतो, म्हणून चाक शॉकअपपेक्षा थोडं जास्तच वर येतं. चाक ७० मिमीहून जास्त वर येणार आणि जागा ४५. मग घासणार नाही तर काय होईल? स्प्रिंग कापली तर चाक सुरुवातीलाच वर येऊन बसेल आणि उरलेली जागाही जाईल. कापलेली स्प्रिंग कडक होते, कारण वेटोळी कमी होतात, पण शॉकअप कुठपर्यंत दबू शकतो ते स्प्रिंग ठरवत नाही. ते आतला दांडा आणि त्यावरचा रबरी बंप स्टॉप ठरवतात. मोठ्या खड्ड्यात चाक तेवढंच वर जाणार.

बरोबर माप असं घ्यायचं. गाडी फ्रेमखाली ठोकळे लावून सरळ उभी करा, मागचं चाक अधांतरी राहू द्या. दोन्ही शॉकअप काढा, स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग उतरवा आणि नुसते शॉकअप परत लावा. स्प्रिंग हाताने किंवा पक्कडीने सोडवायला जाऊ नका, ती सुटली तर चेहऱ्यावर येते. आता चाकाखाली जॅक लावून चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, वर उचला, बंप स्टॉप टेकेपर्यंत. टेकल्यावर थोडा आणखी दाब द्या, कारण खड्ड्यात रबरही दबतं. या स्थितीत टायर आणि त्याच्या वरच्या सगळ्या गोष्टींमध्ये २५ ते ३० मिमी जागा हवी. त्याहून कमी नको. वेगात टायर किंचित फुगतो, चिखल-खडी अडकते आणि चेन ताणताना चाक मागेपुढे होतं. चाक चेनच्या ताणपट्टीच्या दोन्ही टोकांवर नेऊन बघा. जागा मोजायला मळलेल्या मातीचा गोळा टायरवर ठेवा आणि चाक वर घ्या. गोळा जेवढा जाड उरला तेवढी तुमची जागा.

बहुतेक तुम्हाला अर्धगोल कापून पुन्हा वर घ्यावा लागेल. मागे जाताना तो १५ ते २० अंश वर उचललेला असतो, तो केवळ दिसण्यासाठी नाही, टायरला वाट द्यायला. आधी जाड तारेचा साचा वाकवा, चाक पूर्ण वर असताना तो टायरपासून ३० मिमीवर ठेवून बघा, आणि मग पाइप वाकवून घ्या. फ्रेमला हात लावायचाच नसेल तर दुसरा मार्ग लांब शॉकअपचा. पण तिथे लोक उघड्या शॉकअपची लांबी बघून माल घेतात आणि फसतात. तुम्हाला हवी आहे पूर्ण दबलेली लांबी. नवा शॉकअप २० मिमी लांब असला आणि त्याची चालही २० मिमीने जास्त असली, तर दबल्यावर तो जुन्याइतकाच आखूड होतो आणि टायर तिथेच घासतो. चाल तीच आणि लांबी जास्त असेल तरच फायदा. तोही २० मिमीपर्यंतच ठेवा. त्यापुढे चेन चिमट्याला घासायला लागते, साइड स्टँड आखूड पडतो आणि पुढची भूमिती बदलून हँडल चंचल होतं.

पाइपबद्दल थोडं सविस्तर. २० मिमीचा पाइप कुठल्या जाडीचा आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. मूळ फ्रेमच्या पाइपचा बाहेरचा व्यास मोजा, अर्धगोल त्याच व्यासाचा घ्या, आणि भिंत किमान २ मिमी ठेवा. फर्निचरचा पाइप १ किंवा १.२ मिमीचा असतो. तो इथे चालत नाही. तुम्ही कापलं ते शॉकअपच्या बोल्टमागे, हे बरं झालं. बोल्टच्या पुढे कापलं असतं तर शॉकअपचा सगळा धक्का घेणारा भागच गेला असता. पण मागच्या दोन रुळांना, म्हणजे सीटखालच्या दोन लांब पाइपांना, जोडणारा आडवा पाइपही कापला गेला आहे का, ते बघा. तो नसेल तर दोन रूळ हळूहळू फाकतात किंवा एक वर, एक खाली होतो आणि वेल्डच्या कडेला तडा जातो. तसा आडवा पाइप परत बसवा, बोल्टच्या शक्य तितका जवळ.

जोड नुसता टोकाला टोक लावून करू नका. पाइपच्या आत घट्ट बसेल असा ८० ते १०० मिमीचा तुकडा घ्या, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. जोडापासून २५ मिमीवर दोन्ही बाजूंना बाहेरच्या पाइपला ८ मिमीचं भोक पाडा आणि त्या भोकातून आतला तुकडा वेल्ड करून भरून घ्या. पाइपची टोकं तिरकी घासा आणि मधे २ मिमीची फट ठेवून गोल वेल्ड मारा. म्हणजे जोरकस धक्का आला तरी भार एका रेषेवर येत नाही. पुन्हा कापण्याआधी दोन्ही रुळांवर एक तात्पुरती आडवी पट्टी टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारून ठेवा. नाहीतर पाइप सुटल्याबरोबर रूळ आपापल्या दिशेला जातात आणि नंतर सीट सरळ बसत नाही. टाके समोरासमोर मारा, एका बाजूला सलग वेल्ड ओढला की तीच बाजू आक्रसते. पूर्ण झालेला वेल्ड ग्राइंडरने सपाट करू नका. त्याचा फुगवटा हीच त्याची ताकद आहे.

वेल्डिंगची तुमची सवय किती आहे, ते पत्रावरून कळत नाही. स्वतःची परीक्षा घ्यायला त्याच पाइपचे दोन तुकडे त्याच पद्धतीने जोडा, ते लांबीत उभे कापा आणि आत वितळण कुठपर्यंत गेलं आहे ते बघा. धातू वरच्या वर बसलेला दिसला, दोन्हींमध्ये काळी रेघ उरली, तर जोड धरलेलाच नाही. तसं असेल तर घरी फक्त टाके मारा आणि शेवटचा वेल्ड जाणकार वेल्डरकडून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

वेल्ड मारण्याआधी टाकी उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवा, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते कारण तिच्यात वाफ असते. बॅटरी, सीडीआय (ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) यांचे प्लग काढा. अर्थचा चिमटा वेल्डच्या जवळ, त्याच रुळावर लावा. लांब कुठेतरी लावला तर करंट चाकाच्या किंवा कोनसेटच्या (हँडल जिथे फिरतं तिथल्या) बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर खड्डे पाडतो. रंग आणि जस्ताचा मुलामा जोडापासून ५० मिमीपर्यंत घासून काढा, जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. आणि हे जरूर लक्षात ठेवा : क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर कधीही वेल्ड करू नका. त्यातल्या रसायनावर वेल्डिंगची ज्योत आणि किरणं पडली की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो.

सीटच्या बुडाला पत्रा लावाल, तेव्हा बोल्ट खालून वर घाला. गोल डोकं टायरकडे, नट वर सीटकडे. उलटं लावलं तर बोल्टचं टोक टायरकडे बघत राहतं आणि एका मोठ्या खड्ड्यात टायरमध्ये पन्हळ कापतं.

आता इंजिनकडे वळू. आधी तो ब्रीदरचा बोल्ट काढा. तेल पाझरण्याचं कारण बहुतेक तोच आहे. एका सिलिंडरच्या इंजिनमध्ये पिस्टन खाली येतो तेव्हा ३५० सीसी हवा खालच्या केसमध्ये ढकलली जाते आणि वर जाताना तेवढीच परत ओढली जाते. ३,००० फेऱ्यांवर हे मिनिटाला तीन हजार वेळा होतं. हवेला वाट नसेल तर दाब सगळ्यात कमजोर जागेतून बाहेर पडतो : क्रँकचं सील, गियर शाफ्टचं सील, हेडचा गॅस्केट. नळी मूळ व्यासाचीच घ्या, अरुंद नको. टाकीखाली उंचावर न्या आणि तोंडाला लहान फिल्टर लावा. तोंड मागच्या टायरच्या वर किंवा ब्रेकच्या वर येऊ देऊ नका. मधे छोटी बाटली लावून तेलाचे थेंब अडवले तर उत्तमच. हे करून गाडी दोन-तीनदा चालवल्यावर पाझर थांबतो का, ते बघा. त्याआधी गॅस्केट बदलायला घेऊ नका.

अडखळण्याचं निदान तुमच्या पत्रातच आहे. पांढरा प्लग आणि सोडल्यावर फटफट, दोन्ही मिश्रण पातळ असल्याची खूण, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. तुम्ही मेन जेट मोठा केलात तरी ते गेलं नाही, कारण अर्ध्या रेसला मेन जेटचं फारसं चालत नाही. कार्ब्युरेटरमध्ये प्रत्येक भागाचा आपला इलाखा असतो. रेस बंद ते पाव या टप्प्यात पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रू. पाव ते पाऊण या टप्प्यात स्लाइडमधली सुई. पाऊण ते पूर्ण या टप्प्यात मेन जेट. सीमा थोड्या एकमेकांत मिसळतात, पण अर्ध्यावर जे चुकतं ते सुईकडे दाखवतं. ग्रिपवर पांढऱ्या पट्टीची खूण करा आणि स्विचच्या डब्यावर बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा पाच खुणा करा. मग कुठल्या खुणेवर अडखळते ते अंदाजाने नाही, डोळ्यांनी कळतं.

निदान पक्कं करायला एक साधी चाचणी आहे. अडखळते त्या खुणेवर रेस धरा आणि चोक अर्धा ओढा. सुधारली तर पातळ, आणखी बिघडली तर दाट. तुमच्या बाबतीत सुधारेल, असा आमचा अंदाज आहे.

पण जेटकडे वळण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, फिल्टरचं रबर. खूप कोन फिल्टरच्या आत रबराची एक जाड कड असते. कार्ब्युरेटरच्या तोंडावर, खालच्या बाजूला दोन-तीन लहान भोकं दिसतील, ती हवेच्या जेटची. ती कड त्या भोकांवर बसते आणि मग कुठलाही जेट घातला तरी गाडी सुधरत नाही. फिल्टर काढा, आत बोट फिरवा आणि कड भोकांना झाकते असं वाटलं तर धारदार ब्लेडने ती कापा. दुसरी, कार्ब्युरेटर आणि इंजिनमधला रबरी जोड. चाळीस वर्षांच्या रबराला तडे गेलेले असतात, ते वाकवल्याशिवाय दिसत नाहीत. इंजिन आयडलवर ठेवून जोडावर पाण्याची बारीक फवारणी करा. आवाज बदलला तर तिथून हवा आत जाते आणि जोड बदलायला हवा. बेंड पाइप हेडला जिथे लागतो तिथला तांब्याचा गॅस्केटही नवा घाला, तिथून हवा ओढली गेली तरी फटफट होते.

तुमचा कार्ब्युरेटर कुठल्या जातीचा आहे, तेही ओळखावं लागेल. इंजिन बंद ठेवा, फिल्टर काढून तोंडातून बघा आणि रेस द्या. समोरची स्लाइड वर गेली तर साधा स्लाइड कार्ब्युरेटर. स्लाइड जागीच राहिली आणि तिच्यामागे चकती फिरली, तर तो व्हॅक्यूमवर चालणारा सीव्ही. त्यात स्लाइडला केबल नाही, हवेच्या दाबातला फरक पडद्याद्वारे तिला उचलतो. एअर बॉक्समधली शांत हवा गेली की हा फरक डळमळतो, स्लाइड थरथरते, आणि तीच तुमची मधली अडखळ असू शकते. तुमचा सीव्ही असेल तर आमचं स्पष्ट मत असं, की मूळ एअर बॉक्स परत लावा. उघडा फिल्टर आवाज आणि देखणेपणा देतो, ताकद वाढवत नाही आणि पावसात त्रास देतो. सीटखालचा मोकळा त्रिकोण कितीही छान दिसला तरी रोज चालणारी गाडी जास्त छान दिसते.

साधा स्लाइड असेल, किंवा फिल्टर ठेवायचाच असेल, तर क्रम असा. ड्रिल केलेला जेट फेकून द्या. व्यास १.१ चा १.२ झाला म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ सुमारे १९ टक्के वाढलं, आणि तेही तुम्हाला माहीत असलेल्या आकड्याने नाही, कारण ड्रिल कडा खरबडते आणि तोंडाची गोलाई घालवते. नवे जेट घ्या : मूळ, त्यापेक्षा एक, दोन, तीन आणि चार पायऱ्या मोठे. एकाच कंपनीचे घ्या. मिकुनी आणि केहीन यांची मोजणी वेगळी आहे, एकाचा ११५ म्हणजे दुसऱ्याचा ११५ नव्हे. कव्हरचे स्क्रू सोडवताना घाई नको. जपानी कार्ब्युरेटरचे अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू जेआयएस पद्धतीचे असतात, साधा फिलिप्स पेचकस त्यात वर उसळतो आणि डोकं गोल करतो. जेआयएसचा पेचकस घ्या आणि आधी एक हलका ठोका द्या, मग फिरवा.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, मोकळ्या सुरक्षित जागेत, आधी पूर्ण रेस साधा. दोन पायऱ्या मोठ्या जेटपासून सुरू करा. पूर्ण रेसवर गाडी गुदमरली, काळा धूर आला तर एक पायरी लहान. खेचणं मंदावलं, अडकल्यासारखं झालं तर एक पायरी मोठा. मग सुई. क्लिप एक खाच खाली घातली की सुई वर उचलली जाते आणि अर्ध्या रेसला पेट्रोल वाढतं. तुमच्या अडखळीवर हेच औषध लागेल अशी आमची अपेक्षा आहे. सुईला खाचा नसतील, जशा सीव्हीत बहुधा नसतात, तर तिच्या डोक्याखाली अर्ध्या मिमीची छोटी वॉशर ठेवा. शेवटी मिक्श्चर स्क्रू, तो हलकेच पूर्ण आत बसवा आणि दीड फेरा बाहेर काढून सुरू करा. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की मिश्रण दाट होतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर काढला की पातळ होतं. ही एक गोष्ट उलटी धरली की माणूस दिवसभर उलट्या दिशेने फिरवत बसतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. तुम्ही फिल्टर, सायलेन्सर आणि जेट एकदम बदललेत म्हणून दोष कुणाचा हे कळेना. प्लग पाहायचा तर नवा प्लग घाला, एका ठरावीक रेसवर थोडं अंतर चालवा, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि मग काढा. आयडलवर घरी आणून काढलेला प्लग आयडलचीच गोष्ट सांगतो. कॉफीचा फिका रंग चांगला. आजच्या पेट्रोलवर रंग चढायला वेळ लागतो, म्हणून चोकच्या चाचणीवर जास्त विसंबा. आणि मिश्रण पातळ असताना पूर्ण रेसवर लांब चालवू नका, एवढं पाळा. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनमध्ये पातळ मिश्रणाने पिस्टन तापतो आणि जाम होतो.

बॅटरीला आता वळू. लिथियम बॅटरीला चार्जिंग व्होल्टेज १४.४ ते १४.६ पेक्षा जास्त नको. जुन्या गाड्यांतले रेग्युलेटर कधी १५ च्या वर जातात, साध्या बॅटरीला ते फारसं बाधत नाही, ती फक्त पाणी खाते. लिथियमला ते चालत नाही, म्हणूनच ती तापते. जुनी साधी चांगली बॅटरी लावून मल्टिमीटरने बघा : इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, आयडलला त्याहून थोडं वर, ४,००० ते ५,००० फेऱ्यांवर १४ ते १४.५. पाच हजारावर १४.६ ओलांडलं तर रेग्युलेटर बदला, लिथियम त्यानंतरच. गरम झालेली बॅटरी पुन्हा वापरू नका. फुगलेली किंवा वास येणारी असेल तर घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा. मुख्य फ्यूज १५ किंवा २० अँपिअरचा, बॅटरीच्या टोकापासून हाताच्या अंतरावर, नक्की लावा.

चारही इंडिकेटर लुकलुकण्याचा दोष सोपा आहे. तुमच्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंसाठी एकच खुणेचा दिवा आहे आणि तो डाव्या-उजव्या तारांच्या मधे जोडलेला आहे. जुने बल्ब जास्त करंट खाणारे होते, त्यातून पलीकडे जाणारा थोडासा करंट त्यांना पेटवू शकत नव्हता. एलईडीला तेवढा पुरतो. दोन १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) घ्या. एकाची पट्टी नसलेली बाजू डाव्या तारेला, दुसऱ्याची उजव्या तारेला. दोन्हींच्या पट्टीच्या बाजू एकत्र करून दिव्याच्या एका टोकाला जोडा. दिव्याचं दुसरं टोक अर्थला. फ्लॅशर, म्हणजे दिवे लुकलुकवणारा भाग, हाही भारावर न चालणारा इलेक्ट्रॉनिक घाला, नाहीतर एलईडी एकतर पेटून राहतात किंवा भराभर लुकलुकतात. बारीक जोड वळवून टेप गुंडाळू नका. दाबून घट्ट करायचे टर्मिनल लावा आणि जोडाजवळ तार बांधून घ्या. डाखल्यावर तार जिथे कडक होते, तिथेच ती थरथरण्याने तुटते.

नवा अर्धगोल बसवल्यावर त्याला काळा जाड रंग देऊ नका. फिकट प्राइमरचा एकच पातळ हात द्या आणि पहिले ५०० किलोमीटर तसाच चालवा, शॉकअप, क्लिप-ऑन आणि सीटचे बोल्ट पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. पाइपला तडा गेलाच, तर प्राइमरवर वेल्डच्या कडेला केसाएवढी तांबूस रेघ उठते, आणि ती दिसली की गाडी तिथेच उभी करा.